चौदा महिने नोड वापरलं, आता चोपड्याचं काम परत पीएचपीवर

मागच्या महिन्यात पहाटे 4.40 ला जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून फोन आला. केळीचे व्यापारी, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचं पावत्यांचं अ‍ॅप मी लिहिलंय, आणि चौदा महिन्यांपूर्वी ते पीएचपीवरून नोडवर नेलं होतं; दोन्ही सर्व्हरवर अ‍ॅप चालवायच्या पद्धती. काट्यावर ट्रक उभा आणि पावती निघेना. एका शेतकऱ्याच्या नोंदीत मोबाईल नंबर नव्हता. मेसेज पाठवणारं फंक्शन तिथं अडलं, ती चूक कोडमध्ये कुठंच पकडलेली नव्हती, आणि अख्खं अ‍ॅप बसलं. नोडच्या 15 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून, न पकडलेलं प्रॉमिस रिजेक्शन (मागे चालू असलेलं काम फसल्याची चूक) आलं की प्रोसेसच, म्हणजे चालू असलेलं अख्खं अ‍ॅपच, बंद पडते. बंद पडलेलं अ‍ॅप आपोआप परत सुरू करणारं पीएम2 होतं की! पण तोच मेसेज रांगेत पहिला, त्यामुळे सुरू झालं की पुन्हा पडायचं. शेवटी पीएम2 नेही हात टेकले.

पीएचपीत हीच चूक झाली असती तर ती एक पावती अडकली असती, मागचा ट्रक निघून गेला असता. तिथं प्रत्येक रिक्वेस्ट नव्याने सुरू होते आणि काम झालं की संपते. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही. ही गोष्ट मी चौदा महिन्यांपूर्वी जुनाट समजत होतो.

पण माझा खरा राग तारखेवर आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे कापणी अंधारातच सुरू होते, पहाटे साडेतीन-चारला माल काट्यावर येतो. मी तारीख नोडमधल्या टूआयएसओस्ट्रिंग या तयार फंक्शनने काढत होतो. ते कायम यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देतं, आपल्या 5 तास 30 मिनिटं मागे. म्हणजे रात्री 12 ते पहाटे 5.30 मधली प्रत्येक नोंद आदल्या दिवशी. सर्व्हरचा टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारतीय वेळेचा, करूनही त्यात फरक पडत नाही. केळीचा भाव रोज बदलतो. 150 क्विंटलचा ट्रक आणि क्विंटलमागे 60 रुपयांचा फरक धरला तर 9,000 रुपये झाले. एक आजोबा पावती घेऊन माझ्यासमोर उभे राहिले, "भाऊ, आजना माल कालना भावमा कसा गया?" मला उत्तर देता आलं नाही. व्यापाऱ्याने फरक दिला, पण त्या माणसाला आधी वाटलं असणार की आपल्याला फसवलंय.

पीएचपीत डेट डिफॉल्ट टाइमझोन सेटची एक ओळ लिहिली की विषय संपतो, असं मी इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मग काम हलवताना शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची भाड्याची जागा) तपासलं, तर रात्रीची नोंद तिथंही चुकली! पीएचपीची तारीख बरोबर होती, पण नोंदी ठेवणाऱ्या मायएसक्यूएल डेटाबेसचं 'आत्ताची वेळ' देणारं नाऊ स्वतःच्या घड्याळाने चालतं, आणि तो सर्व्हर परदेशातला. डेटाबेसशी कनेक्शन उघडताच टाइमझोन +05:30 दिला तेव्हा जमलं. त्यामुळे तारखेचा सगळा दोष नोडच्या माथी मारणं बरोबर नाही, वरचा राग तेवढा कमी करून वाचा.

पैशाचा हिशेब मात्र बदलत नाही. शेअर्ड होस्टिंग मला वर्षाला 2,800 ला पडतं, नोडसाठी घेतलेलं व्हीपीएस (आपल्यापुरता वेगळा भाड्याचा सर्व्हर) 7,800 ला, वर अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं आपल्याच डोक्यावर. तालुक्याचं गिऱ्हाईक हा फरक देत नाही, तो माझ्या खिशातून जातो. पीएचपीला नावं ठेवणाऱ्यांनी बहुतेक तिची जुनी 5.6 आवृत्तीच पाहिलेली असते, त्याचा सपोर्ट 2018 अखेरीस संपला. आठव्या आवृत्तीत शून्य आणि "abc" सारखा शब्द यांची तुलना केली तर ते आता समान ठरत नाहीत, टाइप (आकडा की मजकूर ते) लिहिता येतात, चूक झाली तर ती सरळ समोर येते.

पायथन, गो या भाषांवर बोलत नाही, त्यांच्यावर मी पैसे कमावलेले नाहीत.

भाव बदलला की सगळ्यांच्या मोबाईलवर त्याच क्षणी दिसावा, हे नोडवर मला दोन संध्याकाळीत जमलं होतं. पीएचपीत त्यासाठी वेगळी सोय उभी करावी लागते. म्हणून पावत्या आणि खाती पीएचपीवर आणली, भावफलक तेवढा नोडवरच ठेवलाय. व्हीपीएसचे पैसे मार्चपर्यंत भरलेले आहेत, तोवर तो तिथंच चालेल.