आठ महिने टॅक्टिकल बॅटरी वापरल्यावर: उजेड झकास, पण हिची स्मरणशक्ती नको

काल कुरियरवाला पाकीट परत देऊन गेला. आत माझीच टॅक्टिकल बॅटरी, म्हणजे संरक्षणासाठी म्हणून विकतात ती, आणि सोबत छापील चिठ्ठी: 'वॉटर डॅमेज, वॉरंटीत बसत नाही.' डब्यावर मात्र आयपीएक्स८ असं ठसठशीत छापलंय, म्हणजे मीटरभरापेक्षा खोल पाण्यात बुडवली तरी चालायला हवी. माझी बुडालीसुद्धा नव्हती. जुलैतल्या पावसात इथं साताऱ्यात गोडोली नाक्यापासून घरापर्यंत हातात धरून चालले होते, एवढंच. पाठवायचे १३० रुपये माझे आणि परत आणून देताना आणखी १३० मोजून घेतले. तेव्हा आज लिहूनच टाकते.

विकत का घेतली ते थोडक्यात. मी एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असते. कंपनीची बस सव्वाअकराला नाक्यावर सोडते. तिथून घर आठ मिनिटांवर, पण शेवटच्या दीडशे पावलांत एका बाजूला मोकळा प्लॉट, गाजरगवत कमरेएवढं, आणि खांबावरचा दिवा महिन्यातले वीस दिवस बंद. गेल्या नोव्हेंबरात एक मोटारसायकल तिथं दोन-तीनदा हळू झाली. तिसऱ्या दिवशी त्यानं थांबून विचारलं, "सोडू का?" पुढं काही झालं नाही, पण त्या रात्री कुलूप उघडताना माझ्या हातातून किल्ली दोनदा पडली. पुण्याहून दादानं लिंक पाठवली आणि वर फर्मान, "मिरचीचा स्प्रे वाऱ्याने तुझ्याच डोळ्यांत जाईल, हे घे." किंमत २,३४९ रुपये. बॅटरी शंभर-सव्वाशेला मिळते असं मानणाऱ्या घरात मी वाढलेय. सासूबाईंना आकडा अजून सांगितलेला नाही.

उजेडाबद्दल तक्रार नाहीच. १,२०० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) म्हणजे काय ते पहिल्या रात्री गच्चीवरून कळलं. समोरच्या इमारतीतल्या काकांनी खिडकी उघडून "कोण आहे रे?" विचारलं. झोत २२० मीटर जातो असं डब्यावर लिहिलंय, त्याला फार भुलू नका. त्या मोजमापात टोकाला पाव लक्स उजेड उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. आणि मला २२० मीटरवरचा माणूस बघायचाच नाही, दहा पावलांवरचा बघायचाय. तिथं हा झोत तोंडावर पडला की समोरच्याला काही सेकंद काही दिसत नाही. अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की पुन्हा नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. दिवसा मात्र याचा उपयोग शून्य.

आता खरं दुखणं. या बॅटरीला आठवण आहे.

मागच्या बटणावर टक् केलं की लागते. मग तेच बटण अर्धवट दाबत गेलं की मंद, मध्यम, फुल्ल. आणि बंद करताना जो मोड असेल तो ती लक्षात ठेवते. कंपनीनं हे डब्यावर 'स्मार्ट मेमरी' म्हणून मोठ्या कौतुकानं छापलंय. आमच्याकडं होतं असं की दुपारी लाईट गेली, सासूबाईंनी टाकीतलं पाणी बघायला बॅटरी नेली, डोळं दिपतंय म्हणून मंदवर केली आणि जागेवर आणून ठेवली. रात्री प्लॉटजवळ कुत्री अंगावर आली, मी बटण दाबलं, आणि उजेड पडला तो मुंगीला रस्ता दाखवण्यापुरता. फुल्लवर जायला आणखी दोन दाब. अंगठा थरथरत असताना अर्धवट दाब म्हणजे किती, ते कुणी सांगावं? मी पूर्ण दाबलं आणि बॅटरी विझली.

जानेवारीतली ती रात्र. तेव्हापासून मी या एका गोष्टीवर नवऱ्याचं इतकं डोकं खाल्लंय की तो म्हणतो, "तू बॅटरीबद्दल बोलतेस की माझ्याबद्दल?" पण विचार करा. संरक्षणासाठी म्हणून विकलेली वस्तू, तिनं पहिल्याच दाबाला आपलं सगळं द्यायला नको? दुसऱ्या प्रकारचे स्विचही मिळतात. त्यात अर्धवट दाबलं की लागते, सोडलं की विझते, पूर्ण दाबलं की लागून राहते. शिवाय काहींत मोड बदलायचं बटण वेगळं असतं आणि मागचं बटण सरळ फुल्लच देतं. घेताना लुमेन नंतर बघा, हे आधी विचारा. मी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

म्हणून मी युक्ती काढली. बस देगाव फाट्याकडून निघाली की पर्समध्येच बॅटरी लावायची, काचेवर तळवा ठेवायचा, फुल्लवर आणायची, बंद करायची. तळवा भाजतो, पण चालतं. फेब्रुवारीत एकदा बंद करायची राहिली. शेजारच्या मुलीनं विचारलं, "ताई, काहीतरी जळल्याचा वास येतोय का गं?" पर्सच्या अस्तराला एक रुपयाच्या नाण्याएवढं तपकिरी, कडक वर्तुळ पडलं होतं. ते अजून आहे, बोट लावलं की पापडासारखं कुरकुरतं. ही काही खराबी नव्हे. एवढा उजेड देणारी कुठलीही बॅटरी काच झाकली की तापतेच. म्हणून तर फुल्लवर दोन-तीन मिनिटांत ती आपणहून उजेड कमी करते. यावर उपाय म्हणजे मागची टोपी पाव आटा सैल करायची, मग बटण दाबलं तरी लागत नाही. पण मग ऐन वेळी आधी टोपी आवळायची, मग टक्, मग मोड. तोवर कुत्रं पोटरी धरून मोकळं. मी सैल करत नाही. बॅटरी आता पर्समध्ये नसतेच, बसमधून उतरायच्या आधीपासून हातात असते.

स्ट्रोबबद्दल माझं मत पार बदललं. आधी मला वाटायचं, अर्धे पैसे त्या लुकलुकण्याचेच. बटण झटपट दोनदा अर्धवट दाबायचं, मग फटाफट उघडझाप. कुत्र्यांवर मारून बघितलं, ती आणखी चेकाळली. डिसेंबरच्या धुक्यात मारलं तर सगळा पांढरा भपका माझ्याच तोंडावर आला, पायाखालचा खड्डासुद्धा दिसेना. कुत्र्यांसाठी कामाला आला तो मध्यम झोत. तो त्यांच्या तोंडावर न मारता, पुढं जमिनीवर ठेवायचा आणि न पळता चालत राहायचं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या आठवड्यांत मी झोत प्लॉटमध्ये फिरवते आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावते. चमकणारे डोळे आजवर तरी फक्त मांजराचे निघालेत.

आणि तो मोटारसायकलवाला? एप्रिलमध्ये पुन्हा आला. त्या दिवशी मोड फुल्लवर होता, देवाची कृपा. त्यानं गाडी हळू करताच मी झोत सरळ तोंडावर धरला आणि ओरडले, "नंबर लिहून घेतलाय!" लिहून वगैरे काही घेतला नव्हता. त्यानं हात डोळ्यांवर नेला, गाडी डळमळली, आणि तो गेला. मी त्या दीडशे पावलांचा रस्ता धावत काढला, दार लावलं आणि मग ११२ ला फोन केला. दादा म्हणतो तसं बॅटरीच्या तोंडाकडच्या दातेरी कड्यानं मारायची वेळ आली नाही, आणि माझा तसा बेतही नाही. कायद्यात स्वसंरक्षणाचा हक्क आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये, पण गरजेपुरतंच, हे त्यातच लिहिलंय. माझं काम अंतर ठेवून पळण्याचं. त्या रात्री २,३४९ रुपये वसूल झाले, हे मान्य. जानेवारीत मी ही बॅटरी कुणी घेऊ नये म्हणून सांगत फिरत होते, ते शब्द परत घेते. निम्मे.

सेलबद्दल एक सूचना. यात १८६५० सेल लागतो, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. जास्तीचा हवा म्हणून मी ९,८०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा) लिहिलेला १५० रुपयांचा आणला होता. या मापाचे चांगले सेल ३,५०० च्या आसपास असतात. माझा ९,८०० वाला एका आठवड्यातच फुल्लवर लागेनासा झाला. पैसे गेले, लिहिणारी मीच मूर्ख.

आता पावसाची गोष्ट. जुलैत बॅटरी लागेना. दोन आठवडे मी सासूबाईंना दोष दिला, की चार्जिंगच्या पोर्टाची रबरी चकती तुम्हीच उघडी ठेवली असणार. कंपनीनं व्हिडिओ मागितला, बिल मागितलं, मग पाठवा म्हणाले, मग वर लिहिलेली चिठ्ठी. मागचा भाग बदलायचे ६५० रुपये सांगितले, तेही फोनवर अकरा मिनिटं थांबवून.

आज सुटी होती, म्हणून सदाशिव पेठेत एका रेडिओ-मिक्सर दुरुस्तीवाल्याकडं गेले. त्यानं मागची टोपी फिरवून काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि मला बोलावून दाखवलं. बटणावरचं रबर कडेला नखाएवढं चिरलेलं, आतल्या स्प्रिंगला हिरवा गंज. चार्जिंगचा पोर्ट कोरडा ठणठणीत. म्हणजे सासूबाई निर्दोष. स्विच, रबर आणि आट्यांना ग्रीस मिळून ८० रुपये. मी आशेनं विचारलं, आता स्विच बदलताच आहात, तर त्या मेमरीचंही काही करता येईल का? तो म्हणाला, "ताई, आठवण स्विचात न्हाई, सर्किटात हाय. तिला काय करनार?"

येताना राजवाड्याजवळ १२० रुपयांची साधी बॅटरी घेतली, सासूबाईंसाठी, म्हणजे माझी कुणी मंदवर करणार नाही. एकूण हिशेब २,८०९ झाला, त्या ९,८०० वाल्या सेलचे धरले नाहीत. घरी आल्यावर नवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लावली, भिंतीवर मारली, बंद केली.

"ह्यो कसला गं उजेड? ती तुझीच दे."