दारव्हा ते फ्रँकफर्ट : गोल्ड कार्डाचा खरा उपयोग

दिवाळीत आईला घेऊन बहिणीकडे जाताना आम्ही दारव्ह्याहून मध्यरात्रीच निघालो आणि नागपूर विमानतळावरच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटाच्या, वारंवार प्रवास करणाऱ्यांना मिळणाऱ्या गोल्ड सदस्यत्वाचे मोल कळले. वजनाच्या मर्यादेवर 20 किलो जादा सामान नेता येत असल्याने आईच्या सरगुंड्यांचा डबा आणि चिवड्याची पिशवी मागे ठेवावी लागली नाही. मात्र तिकीट काढून देणाऱ्याने सदस्य क्रमांक नोंदवलाच नव्हता, त्यामुळे काउंटरवर अर्धा तास गेला. बोर्डिंग पासवर ‘गोल्ड’ छापले आहे ना, हे आधी पाहावे. दिल्लीत पुढच्या विमानाची वाट पाहतानाच्या सहा तासांत लाउंजचा, म्हणजे विमानतळावरील आरामकक्षाचा, खरा आधार झाला. सदस्यासोबत एकालाच प्रवेश मिळतो, पण गुडघ्यांनी बेजार झालेल्या आईने तेथे पाय लांब करून गरम वरणभात खाल्ला आणि तासभर शांत झोपली.