१९५१ च्या शेवरोले पिकअपचा हिटर : एक पावसाळा आणि एक थंडी वापरल्यावर

बेळगावात राहून जुन्या पिकअपला हिटर कशाला, असं बहुतेकजण विचारतात. इथली थंडी स्वेटरवर भागते, हे खरंच आहे. पण जुलैत जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. बाहेर धो धो पाऊस, केबिनमध्ये ओल्या कपड्यांतली तीन माणसं, आणि समोरची काच आतून पांढरी. फडक्याने पुसली की लगेच पुन्हा तेच. गरम हवा काचेवर सोडली की काच तापते, आणि तापलेल्या काचेवर बाष्प धरत नाही. मला हिटर हवा होता तो एवढ्यासाठी.

गाडी शेवरोले ३१००, अर्ध्या टनाची. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, तो त्यांनी १९५४ मध्ये बंद केला. म्हणजे कंपनीचा पार्ट इथे मिळायची वाट बंद होऊन सत्तर वर्षं झाली. (ही गाडी बनली तेव्हा बेळगावसुद्धा मुंबई राज्यातच होतं.) समोरची काच दोन सपाट तुकड्यांची आहे, वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढून घेण्याच्या जोरावर) चालतात आणि विजेचं सगळं काम ६ व्होल्टवर आहे. चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि वायपर रेंगाळतात. अशा वेळी निदान आतून तरी काच स्वच्छ हवीच.

या मॉडेलचे पार्ट अमेरिकेत अजून नव्याने बनतात. पण ते त्यांच्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी. हिटरची पेटी तिकडे बसणाऱ्याच्या बाजूला म्हणजे उजवीकडे येते, आपल्याकडे त्या जागी स्टिअरिंग कॉलम आणि पेडल. पेटी, ब्रॅकेट, काचेकडे जाणारे हवेचे नळ, सगळं उलट्या हाताचं. हिटरच्या पंख्याच्या मोटारीचा अनुभव तर वाईटच. एका विक्रेत्याने ६ व्होल्टची सांगून १२ ची पाठवली. ती ६ वर फिरते, पण इतकी मंद की हवा काचेपर्यंत पोचतच नाही. मारुती व्हॅनचा हिटर बसवा असं पुष्कळांनी सुचवलं. तो १२ व्होल्टचा, म्हणजे त्याच्यासाठी डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), दिवे, स्टार्टर, गेज सगळं बदलत बसायचं. ते मला करायचं नव्हतं.

म्हणून गाडीत होता तोच हिटर उघडला. माझं मत आता पक्कं झालंय : या काळच्या हिटरचा पार्ट शोधण्यात वेळ घालवण्याआधी आहे तो पार्ट कारागिराच्या हातात द्या. पितळ, तांबं आणि डाग (शिसं वितळवून केलेला जोड) यांनी बनलेली वस्तू दुरुस्त होते. आताच्या गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या कोरला (इंजिनचं गरम पाणी ज्यातून फिरतं ती हिटरमधली जाळी) डाग धरत नाही, तो फेकावाच लागतो.

कोरचं काम रेडिएटरवाल्याने केलं. ते म्हणाले, "नवीन शोधत फिरू नका हो अण्णा, हेच उघडूया की." आधी एका तोंडातून नळाचं पाणी सोडून बघितलं. दुसऱ्या तोंडातून करंगळीएवढी धार, ती पण तांबूस. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातल्यामुळे आत क्षाराचा थर बसलेला. पातळ अ‍ॅसिडने आतून धुतलं, मग सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने, धार भरून येईपर्यंत. त्यानंतर तोंडं बंद करून हौदात बुडवून हवा भरली तर दोन ठिकाणी बुडबुडे आले. एक टाकीच्या कडेला, एक नळीच्या बुडाशी. तिथलं जुनं शिसं पूर्ण खरवडून, तांबं चकचकीत करून मग डाग दिला. घाईत वरूनच शिसं थापणारे असतात, त्यांचं काम एक पावसाळाही टिकत नाही. आणखी एक, हवा भरताना बेताने भरायला सांगा. या गाडीचं पाणी आताच्या गाड्यांसारखं जास्त दाबाखाली फिरत नाही, उगाच मोठा दाब दिला तर चांगला कोर फाटेल.

पंख्याच्या मोटारीचं आर्मेचर (आत फिरणारा तारेच्या वेढ्यांचा भाग) जळलेलं. वायंडिंगवाले कानडी, त्यांनी मोटार हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, "आगतैत्री," म्हणजे होईल. काम छान झालं, पण एक गोष्ट मी आधीच ठासून सांगितली होती : जुनी तार सोडवताना वेढे मोजा आणि मायक्रोमीटरने जाडी घ्या. ६ व्होल्टला वेढे कमी आणि तार जाड लागते. १२ च्या सवयीने भरली तर मोटार पुन्हा तशीच मंद चालणार. शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश झिजून अंडाकृती झाले होते, ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गनमेटलचे खरादून घेतले. उद्यमबागेत फौंड्री आणि लेथची कामं करणारे इतके आहेत, की एवढंसं बुश करून द्या म्हटल्यावर कुणी तोंड वाकडं करत नाही. कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे) त्या मापाचे मिळाले नाहीत. मोठे घेऊन घासले. कॉम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ज्याच्यावर घासतात त्या तांब्याच्या गोलावर, बारीक पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि त्यावर कार्बन फिरवत राहायचं, म्हणजे त्याचं तोंड बरोब्बर त्याच गोलाईचं होतं. हे केलं नाही तर ठिणग्या पडतात आणि नवीन कॉम्युटेटर लगेच काळं होतं.

बाकीचं सोपं होतं. पाइप ५/८ आणि ३/४ इंचाचे, हिटरचेच रबरी घ्या, बागेचा पाइप गरम पाण्याने मऊ होऊन निसटतो. गरम पाणी सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपेला जुन्या जीपची चोक केबल चालते, कारण तिच्यात एकच ताठ तार असते. बाइकची ब्रेक केबल नुसती ओढते, ढकलत नाही. मोटारीपर्यंतची वायर नेहमीपेक्षा जाड टाकली. ६ व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो आणि बारीक वायरीत निम्मा जीव वाटेतच जातो.

एवढं सगळं झालं तरी पहिल्यांदा हवा कोमटच आली. कारण निघालं थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप), म्हणजे ते जागेवर नव्हतंच. इंजिन गार राहील म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडच्या गॅरेजांत जुनी पद्धत आहे. पण मग पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं आणि आपल्या हवेत, त्यातून पावसात, ते तापतच नाही. हिटरला गरम पाणी मिळणार कुठून? ८२ अंशाचं थर्मोस्टॅट बसवलं आणि हिटर खऱ्या अर्थाने सुरू झाला. कुणाच्या जुन्या गाडीचा हिटर कोमट फेकत असेल तर कोर काढण्याआधी थर्मोस्टॅटचं झाकण उघडून बघा.

आता वापराबद्दल. भर पावसात चोर्ला चढताना दोन्ही काचा खालून वर साफ होत जातात, आणि ड्रायव्हरसमोरचा भाग पूर्ण मोकळा राहतो. कडेचे कोपरे धुकटतात ते धुकटतातच. माझा हिटर केबिनमधलीच हवा फिरवणारा आहे, बाहेरची ताजी हवा ओढणाराही एक प्रकार तेव्हा कंपनी देत असे. आतलीच ओली हवा फिरत राहिली तर नुसत्या उष्णतेने भागत नाही, म्हणून दाराची तिकोनी काच बोटभर उघडी ठेवतो. थोडे शिंतोडे येतात, पण फरक लगेच दिसतो.

खरी अडचण विजेची. घाटात ट्रकच्या मागे कूर्मगतीने चालताना डायनॅमो चार्ज करत नाही. हेडलाइट आणि हिटरचा पंखा दोन्ही लावले की अ‍ॅमीटरचा काटा मायनसकडे झुकतो, म्हणजे बॅटरी उतरायला लागते. अशा वेळी पंखा थोडा वेळ बंद, रस्ता मोकळा झाला की चालू, असं करतो. रात्रीच्या प्रवासात हे लक्षात ठेवावंच लागतं. ६ व्होल्टची मोठी बॅटरी इथे दुकानात सहज मिळत नाही, तिच्यावर जुलूम परवडत नाही.

थंडीत पहाटे खानापूरला जाताना मात्र ऐष असते. इंजिन तापेपर्यंत कळ काढायची, नंतर पायाशी छान ऊब येते. घरातली वयस्क माणसं आता पहाटेच्या प्रवासाला कुरकुर करत नाहीत, याचा मला फार आनंद आहे.

महिनोन्महिने चालून कोरचे दोन्ही डाग कोरडे आहेत. आता बोअरचं पाणी बंद, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून घालतो. एका क्लिपखाली पाणी पाझरत होतं, क्लिप बदलल्यावर थांबलं. मोटारीचा आवाज अलीकडे किंचित वाढलाय, बहुतेक पंख्याचं एक पातं वाकलंय. पावसाळ्याआधी पेटी उतरवून तेवढं सरळ करून घेणार आहे, आणि त्याच वेळी कार्बन किती झिजलेत तेही बघेन.