बोर्गेसे गॅलरी, रोम: आठव्या दालनासाठी वेळ राखून ठेवा

तिकीट आगाऊ काढावेच लागते, आत फक्त दोन तास मिळतात, सोमवारी बंद. पाठीवरची बॅग आत नेता येत नाही आणि ती जमा करण्यात वेळ जातो, म्हणून मोकळ्या हाताने जावे. बहुतेक जण शिल्पकार बेर्निनीच्या शिल्पांपाशी रमतात आणि आठव्या दालनात जाता जाता डोकावतात. उलट करा: आधी तिथे अर्धा तास काढा, चित्रकार काराव्हाज्जोच्या 'मादोन्ना देई पालाफ्रेनिएरी'साठी (म्हणजे 'अश्वसेवकांची मरियामाता', १६०५-०६).

चित्र मोठे आहे, २९२ × २११ सेंमी. तीन-चार मीटर मागे उभे राहा आणि चेहरे सोडून आधी पाय पाहा. मरियेचा अनवाणी पाय सापाच्या डोक्यावर, तिच्या पावलावर बाळ येशूचे पाऊल. साप म्हणजे पाप आणि पाखंड, हे कोणीही सांगेल. मेख पावलावरच्या पावलात आहे. बायबलमधल्या भाकितातल्या सापाचे डोके कोण ठेचणार, यावर तेव्हा वाद पेटला होता. कॅथलिक मरियेचे नाव घेत, प्रोटेस्टंट तिच्या पुत्राचे. काराव्हाज्जोने दोघांनाही एकाच कृतीत गुंतवले: पाऊल आईचे, त्यावर भार बाळाचा. मरिया-येशूच्या चित्रांतल्या डाळिंब, पक्षी अशा ओळखीच्या प्रतीकखुणा शोधत आलात तर इथे हाती काही लागणार नाही.

उजवीकडची सुरकुतलेली म्हातारी म्हणजे मरियेची आई, संत अॅना. ज्या संघाने हे चित्र काराव्हाज्जोकडून रंगवून घेतले, त्या पोपच्या अश्वसेवकांची ती रक्षक संत. तरी ती नुसती बघत उभी आहे! व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमधल्या वेदीवरून चित्र लवकरच उतरवले गेले आणि कार्डिनल शिपिओने बोर्गेसेने ते विकत घेतले.

गॅलरीत उणीव एकच, वेदी नाही. ती भरून काढायला पियात्सा नवोनाजवळच्या सांत'आगोस्तिनो चर्चमध्ये जा. प्रवेश मोफत. डावीकडच्या पहिल्या चॅपेलमध्ये काराव्हाज्जोचीच 'लोरेतोची मादोन्ना' अजून मूळ वेदीवर आहे. आख्यायिकेनुसार देवदूतांनी लोरेतोला उडवत आणलेले मरियेचे पवित्र घर इतर चित्रकार आकाशात दाखवत. इथे पोपडे उडालेल्या भिंतीच्या दारात मरिया उभी आहे आणि गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळपाय थेट बघणाऱ्याकडे वळलेले आहेत. गॅलरीची सकाळची पहिली वेळ घ्या, म्हणजे चर्च दुपारी बंद होण्याआधी तिथे पोहोचता येईल.