गुहेचा नकाशा शिकायचाय: सर्व्हेक्स, थेरियन की टोपोड्रॉइड?

गुहेत टेप, कंपास, क्लायनो (चढ-उताराचा कोन मोजायचं यंत्र) घेऊन मापं कशी घ्यायची हे दाखवणारा कोणीतरी भेटतोच, पण घरी आल्यावर त्या चिखलाने माखलेल्या वहीचं पुढे काय करायचं, तिथे सगळे गप्प. शोधायला बसलं की तीन नावं सारखी समोर येतात. तिन्ही फुकट आणि ओपन सोर्स, पण कामं वेगवेगळी, त्यामुळे शेवटी हातात काय हवंय ते आधी ठरवा. (विंडोजवर कंपास नावाचं अमेरिकन सॉफ्टवेअरपण आहे, जुनं आणि भरवशाचं, पण मॅक किंवा लिनक्सवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये.)

गुहा किती लांब, किती खोल, कुठे वळते एवढंच हवं असेल तर सर्व्हेक्स. केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या केव्हिंग क्लबमधल्या मंडळींनी हे सुरू केलं. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक लेग, म्हणजे दोन स्टेशनांमधलं (मापाच्या खुणेच्या जागांमधलं) एक माप: कुठल्या स्टेशनपासून कुठल्या स्टेशनपर्यंत, टेप, कंपास, क्लायनो. बस. फाइल एव्हनमध्ये (सर्व्हेक्ससोबतच येणारा बघायचा प्रोग्राम) उघडली की गुहेची रेषा थ्रीडीत फिरवून बघता येते. एका संध्याकाळी जमतं, खरंच.

पण सर्व्हेक्सची खरी मजा लूपमध्ये आहे. एका वाटेने आत जाऊन दुसऱ्या वाटेने त्याच स्टेशनवर परत आलात तर मापं कधीच तंतोतंत जुळत नाहीत, १० मीटरच्या लेगवर कंपास २ अंश चुकला तरी टोक साधारण ३५ सेंमी सरकतं. सर्व्हेक्स हा फरक लीस्ट स्क्वेअर्सने (चूक कमीत कमी ठेवणाऱ्या गणिती पद्धतीने) लूपभर वाटून टाकतं आणि एव्हनमध्ये एररप्रमाणे रंग लावता येतात, म्हणजे कुठला लूप बिघडलाय ते लगेच दिसतं. एक लक्षात ठेवा, १२० च्या जागी २१० लिहिलं असेल तर तेही ते बिचारं इमानदारीत वाटत बसतं, म्हणून आधी रंग बघा, मग लांबी सांगत सुटा. आपल्या सह्याद्रीतल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, कंपास भरकटू शकतो, तिथे उलट दिशेने पण रीडिंग घ्या, ते टाकायची सोय फाइलमध्ये आहे.

थेरियनचं प्रकरण वेगळं. भिंती, दगड, पाणी, सगळं दाखवणारा छापण्यालायक नकाशा हवा तर हेच. तुम्ही तुकड्यातुकड्यांनी स्केच काढायचं, ते स्टेशनांना बांधायचं, आणि नंतर नवीन लूप जोडला गेला की थेरियन तुमचं स्केच ताणून-दाबून नव्या मापांवर आपोआप बसवतं. हे बाकी कुठे हाताने करायचं म्हणजे शिक्षा आहे. पण शिकायला जड. भिंतीची रेष उलट्या दिशेने काढली की आतलं बाहेर होतं, एरर मेसेज वाचून काही कळत नाही, आणि एक्सथेरियनचा (थेरियनसोबत येणारा, स्केच काढायचा) एडिटर बघून वाटतं हे नव्वदच्या दशकातून थेट आलंय. पीडीएफ टेक (TeX) आणि मेटापोस्ट या मांडणी-चित्रांच्या प्रोग्राममधून बनते, विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये ते सोबत येतं, लिनक्सवर वेगळं टाकावं लागतं.

टोपोड्रॉइड हे अँड्रॉइडचं ॲप, आयफोनवाल्यांनी पुढच्या परिच्छेदाकडे वळावं. हे गुहेतच वापरायचं, डिस्टोएक्ससारखं लेझरचं यंत्र ब्लूटूथने जोडलं की माप थेट फोनमध्ये आणि स्केच बोटाने तिथल्या तिथे. भारी आहे, पण यंत्र महाग आणि सहज मिळत नाही, आणि ओल्या हाताने टचस्क्रीन चालवणं हा एक वेगळाच छंद आहे. यंत्र नसेल तर आकडे हाताने टाकता येतात, मग वहीच बरी असं माझं मत.

माझं ऐकाल तर आधी सर्व्हेक्स. मेघालयात क्रेम लियात प्राहसारखी ३० किमीच्या वरची गुहा आहे, तिथल्या एखाद्या टीमसोबत गेलात तर सगळ्यांच्या टेक्स्ट फाइली एकात एक जोडता येतात हे फार उपयोगी पडतं. नकाशा काढायची खुमखुमी आली की थेरियन घ्या. मापांच्या ओळी जशाच्या तशा चिकटवता येतात, फक्त वर-खालच्या कमांड बदलायच्या आणि कमेंटच्या आधीचा अर्धविराम काढून हॅश टाकायचा.