फ्रिजचा आवाज: घरीच बघावं की मेकॅनिकला बोलवावं?

पंचवटीत आईकडे एका दाराचा जुना फ्रिज आहे, आमच्याकडे इंदिरानगरला दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा. आवाज दोन्ही करतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. हे आम्हाला पैसे घालवून कळलं. आमच्या फ्रिजरमधून आठवडाभर घर्र घर्र येत होतं, मग खालचा कप्पा गार होईना. आलेल्या मेकॅनिकनं ‘गॅस गेला’ म्हणून गॅस भरला. आठ-दहा दिवस छान चाललं आणि पुन्हा तेच. गॅस गेलेलाच नव्हता. फ्रिजरच्या मागच्या पत्र्याआड बर्फ साचला होता, पंख्याचं पातं त्याला घासत होतं आणि खाली येणारी हवा अडली होती. गॅस भरताना फ्रिज काही तास बंद राहिला, तेवढ्यात बर्फ वितळला, म्हणून बरं वाटलं.

तेव्हापासून मी आधी फ्रिज कोणता ते बघते.

एका दाराच्या फ्रिजमध्ये सहसा पंखा नसतो. त्यामुळे आवाज मोजकेच: कॉम्प्रेसरची घूं-घूं, नळ्यांतून गॅस फिरताना गुळगुळ, थर्मोस्टॅट चालू-बंद होताना ‘टक’. हे तिन्ही तब्येत ठणठणीत असल्याचे आवाज. आईकडे रात्री खडखड व्हायची ती शहाबादी फरशीमुळे. एक पाय अधांतरी होता, मागची जाळी भिंतीला टेकत होती. पाय फिरवून उंची जुळवली, पुढची बाजू किंचित वर ठेवली म्हणजे दार आपसूक लागतं, आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. खडखड तिथेच थांबली. मेकॅनिकची गरजच नव्हती.

बर्फ मात्र इथे हातानं सांभाळावा लागतो. थर अर्ध्या सेंटिमीटरवर गेला की थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबायचं आणि बर्फ आपोआप वितळू द्यायचा. सुरी किंवा उलथनं कधीही लावू नका. त्या पातळ पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात. भोक पडलं तर दुरुस्ती महाग, आणि बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर-६०० ए हा पेट घेणारा वायू असतो. कॉम्प्रेसरजवळच्या स्टिकरवर वायूचं नाव लिहिलेलं असतं.

दोन दारांच्या फ्रिजमध्ये पंखा, बर्फ वितळवणारा हीटर आणि सेन्सर वाढतात, म्हणून आवाजही वाढतात. मधूनच चर्र होतं ते गरम हीटरवर पाणी पडल्याचं. कट्-कट् होतं ते प्लास्टिक आकसल्या-फुगल्याचं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर तो बारीक आवाजात तासन्‌तास चालतो, गती बदलली की सूरही बदलतो. घाबरायचं कारण नाही.

फ्रिजर गार आणि खालचा कप्पा कोमट, असं झालं तर आधी सामान बघा. द्राक्षांच्या हंगामात आमच्याकडे शेतावरून क्रेट येतात आणि हवेच्या जाळ्या पिशव्यांनी बुजतात. जाळ्या मोकळ्या करूनही फरक नसेल, फ्रिजरच्या मागच्या भिंतीवर बर्फ दिसत असेल, तर प्लग काढून दोन्ही दारं उघडी ठेवून दिवसभर सुकवा. त्यानंतर महिनोन्‌महिने नीट चालला तर दार उघडं राहिलं असणार. आठ-पंधरा दिवसांत बर्फ परत आला तर हीटर किंवा सेन्सर गेला, तिथे मेकॅनिकच हवा. आमचा असाच निघाला.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. दारात नोट धरून दार लावा. नोट सहज निघाली तर रबर सैल आहे. कोमट साबणपाण्यानं पुसून बघा, फाटलं असेल तर बदला. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचलं तर आतलं निचऱ्याचं भोक कोमट पाण्याच्या सिरिंजनं मोकळं करा. एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालणारच, आणि नव्या फ्रिजच्या बाजूचे पत्रेही कोमट लागतात. ती बिघाडाची खूण नाही.

पण एक आवाज ऐकला की मी हात लावत नाही: टक, क्षणभर हूं, पुन्हा टक, दर काही मिनिटांनी, आणि आत गारवा नाही. कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय. लाईट नुकतीच जाऊन आली असेल तर फ्रिज बंद करून दहा मिनिटं थांबा, एकदाच लावून बघा. तरी तसंच झालं तर प्लग काढा. बिघाड रिले-ओव्हरलोडचा, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करणाऱ्या आणि भार वाढला की तो थांबवणाऱ्या छोट्या भागांचा असेल तर काम स्वस्तात होतं, म्हणून थेट कॉम्प्रेसर बदलायला होकार देण्याआधी रिले तपासून घ्या. कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकीच्या फ्रिजपेक्षा लांब असते, कार्ड शोधा.

आणि गॅस भरायचा म्हणाले तर एवढंच विचारा, ‘लीक कुठे आहे?’ फ्रिजमधला गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा संपत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. आवाज थांबून-थांबून येत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि मेकॅनिकला फ्रिज उघडण्याआधी ऐकवा.