माग दाखवला हातमागाचा, गळ्यात मारलं पॉलिस्टर

माझ्याकडे एक बिल आहे. त्यावर साडीच्या नावापुढे 'फॅन्सी' एवढंच लिहिलंय. दुकानदार मात्र तोंडानं अर्धा तास 'प्युअर कोसा, हातमाग, करवती' असं घोकत होता. (कोसा म्हणजे एक प्रकारचं रेशीम, करवती म्हणजे काठाला करवतीसारखे दात असलेली साडी.) फसवणूक कशी बेतलेली होती ते ह्या एका शब्दावरून कळतं, म्हणून सगळं नीट लिहून काढते. मी नागपुरात कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे अभ्यास दौऱ्याला मार्क असतात, त्यामुळे सुट्टी जवळ आली की मुलं स्वस्तातला बरा दौरा शोधत असतात आणि असे दौरे काढणारे हे लोकही नेमके तेव्हाच उगवतात. दौरा काढणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय ह्या धंद्यात तो एकटा नाही.

पोस्टरवर होतं: 'पारंपरिक हस्तकला अभ्यास दौरा', तीन दिवस, माणशी साडेसात हजार. पहिल्या दिवशी भंडारा जिल्ह्यात करवती काठाची साडी, मग छत्तीसगडमधल्या बस्तर भागातल्या कोंडागावला ढोकरा, म्हणजे मेणाच्या नक्षीवरून पितळ ओतायचं काम, शेवटी प्रमाणपत्र. फीच्या तपशिलात 'कारागिरांचं मानधन' वेगळं दाखवलेलं होतं, माणशी बाराशे. ते वाचून आमच्या वर्गातली निम्मी मुलं तिथंच विरघळली. कारागिराला त्याच्या वेळेचा मोबदला द्या, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून ऐकवलं जातं, आणि पोस्टर लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. पैसे गेले एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर. पावती मागितली तर 'स्क्रीनशॉट हीच पावती समजा' असं उत्तर आलं.

निघायच्या आदल्या रात्री कोंडागाव रद्द झालं. तिकडचा रस्ता खराब आहे, पण काळजी करू नका, बस्तरचे कारागीर इथंच बोलावलेत, असा मेसेज. फी तेवढीच. दौरेवाल्याचं रात्रभराच्या बसचं भाडं वाचलं आणि राहण्याचा खर्चही वाचला.

भंडारा रोडवरून आत वळून एका गावात नेलं. पुढे दुकान, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये एक माग. एकच. विणकराच्या घरी माग असा एकटा नसतो. कोणीतरी कांड्या भरत असतं, कुठंतरी ताणा लावलेला असतो, रंगवलेल्या लडी वाळत असतात, घरातली बाई बोलता बोलता तुटलेला धागा जोडून देत असते. इथं यातलं काहीच नव्हतं. मागावर साठीचे एक काका बसलेले, आणि त्यांचा हात मात्र अस्सल होता. करवती विणायला तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) लागतात, दोन्ही काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा आडवा धागा आत येतो, अंगाच्या धाग्यात अडकतो आणि वळून परत काठात जातो. कुठे वळायचं ते दर ओळीला थोडं पुढे, थोडं मागे सरकतं, त्यातून करवतीचे दात उमटतात. म्हणून काठाचा रंग भरीव राहतो, त्यात अंगाच्या रंगाचा एक धागाही शिरत नाही. काका हे अशा वेगानं करत होते की मला तीनदा थांबवून पाहावं लागलं.

मी दात मोजून स्केच काढत होते. फणीपासून (विणलेला धागा ठोकून बसवणारी मागाची फणी) तिसऱ्या दाताशी तेलाचा मोहरीएवढा डाग होता, तोही काढला. आम्हाला असं काहीबाही टिपून ठेवायची सवय असते. दौऱ्याचे 'सर' फोनवर बाहेर गेले तेव्हा मी काकांना विचारलं, दिवसाला किती विणून होतं? ते म्हणाले, "काय विनतो पोरी, पोट्टे आले का मले बोलावते. चारशे रुपये रोजी देते, बस्स." आम्ही तीसजण होतो. मानधनाचे छत्तीस हजार जमा झाले होते, आणि ज्यांच्या नावानं जमा झाले ते चारशे घेऊन घरी गेले.

उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजातल्या एका मुलीनं त्याच शेडचा फोटो टाकला. मी माझं स्केच शेजारी ठेवलं. तोच डाग, फक्त फणीपासून वीतभर लांब गेलेला. म्हणजे इतक्या महिन्यांत त्या मागावर वीतभर कापड झालं होतं, आणि पुढच्या दुकानातून 'ह्याच मागावरच्या' साड्या गठ्ठ्यानं विकल्या जात होत्या.

दुकानातला खेळ असा: भिंतीवर भौगोलिक मानांकनाच्या प्रमाणपत्राची फ्रेम केलेली झेरॉक्स. करवती साडीला हे मानांकन आहे, ते खरंच. पण ते साडीच्या प्रकाराला आणि प्रदेशाला मिळालेलं असतं, त्यानं समोरचा नग खरा ठरत नाही. मग 'आत्ता पाहिलं ना, तेच' असं म्हणत साडी पसरायची. नऊ हजार आठशे, पण तुम्ही स्टुडंट, म्हणून सहा हजार दोनशे. मागे उभे असलेले 'सर' लगेच म्हणणार, नागपूरच्या इतवारी बाजारात ह्या भावात हातसुद्धा लावू देणार नाहीत. समोर माणूस विणताना पाहिलेला, आणि हातात आलेली साडी त्याच रंगाची. शेड आणि दुकान यांच्यामधल्या दारातून माल कसा बदलतो ते कोणी बघायला जात नाही. मी आईसाठी एक घेतली. तिघींनी आणखी घेतल्या.

नागपुरात आल्यावर मैत्रिणीच्या आजोबांना दाखवली. ते तांडापेठेत राहतात, उभं आयुष्य मागावर गेलेलं. त्यांनी साडी पुरती उलगडलीही नाही, काठ उलटा केला आणि बोट ठेवलं. "हे पाह्य, काठात अंगाचा धागा घुसला हाये. आपला काठ असा राह्यत नाही वो." खरंच, जवळून पाहिलं तर लाल काठात बदामी रंगाची झाक होती. यंत्रमागावर आडवा धागा साडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातो, काठाशी थांबून वळत नाही. मग करवतीचे दात दिसावेत म्हणून वरून जादा धागे घालून नक्षी काढतात. पाठीमागे ते धागे लोंबत राहतात किंवा कापल्यामुळे तिथं पिसं निघतात. हातमागाच्या करवतीला दात दोन्ही बाजूंनी सारखेच स्वच्छ दिसतात. एवढं पाहायला भिंग लागत नाही, साडी उलटी करावी लागते इतकंच.

मग पदराच्या दशा जाळून पाहिल्या. काठाची दशी कागदासारखी जळून राख झाली. ती सुती, आणि ते बरोबरच आहे, करवतीचा काठ सुतीच असतो. अंगाची दशी मात्र आक्रसली, वितळली आणि टोकाला काळा टणक मणी राहिला. कोसा जळला की केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या किड्यांच्या कोशाचा तो धागा, थोडा खडबडीत, जागोजागी जाड-बारीक. माझी साडी पहिल्यापासून जरा जास्तच गुळगुळीत होती.

ढोकऱ्याचं थोडक्यात. नागपूरजवळच्या एका लॉनवर एका माणसानं आमच्यापुढे मेणाच्या तारा वळून मोराची मान केली, टाळ्या झाल्या, आणि टेबलावरच्या पितळी वस्तू विकायला काढल्या. ढोकऱ्यात मातीच्या गाभ्यावर मेणाची नक्षी, त्यावर मातीचे थर, भट्टीत मेण वितळून जातं, त्या पोकळीत पितळ ओततात आणि साचा फोडून वस्तू बाहेर काढतात. मोहेंजोदडोची नर्तकी मेण वितळवण्याच्या ह्याच रीतीनं ओतलेली, हे सगळ्यांनी पेपरात लिहिलेलं असतं. साचा फुटतो म्हटल्यावर दोन वस्तू हुबेहूब सारख्या निघूच शकत नाहीत. टेबलावर दोन कासवं होती. दोघांच्याही डाव्या डोळ्याखाली त्याच जागी तोच बारीक खड्डा, आणि पोटाच्या कडेनं साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ. मी दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढला, तर विकणाऱ्यानं एक उचलून पिशवीत टाकलं.

पैशांचं काय झालं ते सांगते. यूपीआय ॲपवाल्यांनी हात वर केले, पैसे तुम्हीच स्वखुशीनं पाठवलेत म्हणे. दुकानदारानं बिल दाखवलं, त्यावर कोसाही नाही आणि हातमागही नाही, 'फॅन्सी'च दिली होती. जीएसटी क्रमांक नाही, ते कच्चं बिल. दौरेवाल्याला मात्र आम्ही एकोणीस जणांनी एकत्र सह्या करून लेखी नोटीस पाठवली, सोबत रद्द केलेल्या कोंडागावचा मेसेज आणि मूळ पोस्टर जोडलं. आठवड्यात माणशी दोन हजार परत आले, सही करणाऱ्यांनाच. मानधनाबद्दल विचारलं तर म्हणाला, 'त्यात व्यवस्थापनाचा खर्च धरलेला असतो.' बाकी रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं तक्रारीची फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथली बाई माझ्याशी हिंदीत पण फार समजुतीनं बोलली. पोस्टर, मेसेज, स्क्रीनशॉट काहीच डिलीट करू नका, आमची अर्धी लढाई त्यावरच चाललीय.

साडी घेताना 'शुद्ध कोसा, हातमाग' हे शब्द बिलावर लिहून मागा. खरा विकणारा लिहून देतो. लेबलांचाही घोळ समजून घ्या. केंद्रीय रेशीम मंडळाचं 'सिल्क मार्क' कापड खऱ्या रेशमाचं असल्याचं सांगतं, ते हातानं विणलंय असं सांगत नाही. 'हँडलूम मार्क' हातमागाचं असल्याचं सांगतं, रेशमाबद्दल काही बोलत नाही. करवतीला दोन्ही हवीत, आणि दुकानदार नेहमी जे हाताशी असेल तेच पुढे करतो.

आणि दौरा करायचाच असेल तर मधला माणूस कशाला? नागपुरातच विणकर सेवा केंद्र आहे, उमरेड रोडला हातमाग महामंडळ आहे, तिथं विचारलं तर विणकरांची गावं कळतात. आंधळगाव, मोहाडी, पवनी, उमरेड, कुठेही एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. हस्तकलेच्या कारागिरांकडे केंद्र सरकारचं पहचान कार्ड असतं, ते पाहायला मागण्यात काही वाईट नाही. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यात कारागीर स्वतः येऊन बसतात, तिथं तासन्‌तास स्केच काढत बसलात तरी कोणी उठवत नाही. मानधन द्यायचं तर हातात द्या. मी नंतर त्या काकांना शोधून गेले. घरी माग होता, पण दोन वर्षांपासून उभा करून ठेवलेला, कारण सुताचा खर्च निघत नाही. बोलले भरपूर, चहा पाजला. पैसे मात्र 'काऊन देऊन राह्यली' म्हणत आधी घेईनात.

दिवाळीच्या सुट्टीचं पोस्टर परवा आमच्या ज्युनिअर्सना आलं. नाव बदललंय, फी आठ हजार दोनशे झालीय, कोंडागाव अजून यादीत आहे. एका मुलीनं जीएसटी नंबर आणि कोंडागावातल्या कारागिराचा फोन मागितला. दहा मिनिटांत तिला ग्रुपमधून काढून टाकलं.